पदावरच्या राष्ट्रप्रमुखावर खटला चालतो का?

प्रश्न : आमच्या घरी बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या खटल्याची गोष्ट आजीपासून सांगितली जाते. त्या काळी प्रत्यक्ष महाराजांना चौकशीपुढे उभे केले गेले, तर आज पदावर असलेल्या राष्ट्रपतींवर खटला का चालवता येत नाही?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आजींच्या गोष्टीत एक दुरुस्ती करावी लागेल. नोव्हेंबर १८७४ मध्ये इथल्या रेसिडेन्सीत इंग्रज सरकारचे प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन घोट घेतले, चव बरी लागली नाही म्हणून उरलेले फेकून दिले, आणि पेल्याच्या तळाशी साका दिसला. त्यात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड असल्याचा, आणि हा विषप्रयोग मल्हाररावांनी करवल्याचा आरोप झाला. पण इंग्रजांनी जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक करून कारभार स्वतःकडे घेतला आणि मगच सहा जणांचा आयोग बसवला. तिन्ही इंग्रज सदस्यांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध मानला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव या तिघांनी मानला नाही. तेव्हा सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे करून मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला धाडले. आरोप करणारा, आयोग नेमणारा आणि गादीवरून उतरवणारा एकच असेल, तर त्याला खटला म्हणणे मला जड जाते.

आपल्या राज्यघटनेने हे अधिकार वेगवेगळ्या हातांत दिले आहेत. अनुच्छेद ३६१ नुसार राष्ट्रपती किंवा राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्याविरुद्ध फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही, आधीची चालू ठेवता येत नाही आणि त्यांच्या अटकेचा हुकूमही काढता येत नाही. पदावरून दूर करण्याचे काम संसदेचे आहे : घटनाभंगाच्या आरोपाचा ठराव एका सभागृहाने एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमताने संमत करायचा, दुसऱ्याने चौकशी करून तेवढ्याच बहुमताने तो मान्य करायचा. आजवर एकाही राष्ट्रपतीला असे हटवले गेलेले नाही.

मात्र हे कवच खुर्चीचे आहे, माणसाचे नाही. कल्याणसिंह राजस्थानचे राज्यपाल असल्यामुळे बाबरी मशीद प्रकरणात २०१७ साली त्यांच्यावर आरोप निश्चित होऊ शकले नाहीत. २०१९ मध्ये मुदत संपताच त्यांना लखनौच्या न्यायालयात हजर व्हावे लागले, आणि २०२० मध्ये ते निर्दोष सुटले. या विलंबाची किंमत लहान नसते, कारण तोवर साक्षीदार थकतात आणि आठवणी पुसट होतात. शिवाय कवच व्यक्तीला आहे, तिच्या निर्णयाला नाही. बिहार विधानसभा बरखास्त करण्याचा २००५ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तेव्हा राज्यपाल स्वतः न्यायालयाला उत्तरदायी नसले तरी त्यांची कृती तपासता येते, असे स्पष्ट केले. राष्ट्रपतींच्या निवडणुकीलाही आव्हान देता येते, व्ही. व्ही. गिरी तर पदावर असताना अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात साक्ष देऊन आले.

पंतप्रधानांना अनुच्छेद ३६१ लागू नाही, हे आपल्याकडे फार जण विसरतात. इंदिरा गांधी पंतप्रधान असतानाच १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात साक्षीला उभ्या राहिल्या आणि त्यांची निवडणूक रद्द झाली. त्याच वर्षी, आणीबाणीत, पंतप्रधानांनाही फौजदारी कारवाईपासून कायमचे संरक्षण देणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेने संमत केले होते. ते पुढे बारगळले, हे बरेच झाले.

राहिला दिवाणी दावा. समजा, राष्ट्रपतींचा आपल्याशी खासगी देण्याघेण्याचा वाद आहे. तो त्यांच्या मुदतीतही न्यायालयात नेता येतो. फक्त दाव्याचे स्वरूप, कारण, आपले नाव-पत्ता आणि मागणी लिहिलेली नोटीस त्यांना द्यायची किंवा त्यांच्या कार्यालयात ठेवायची, आणि दोन महिने थांबायचे.