राजीनामा नको, आधी लेखी अर्ज द्या

प्रश्न : मी 36 वर्षांची आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत क्वालिटीच्या कागदपत्रांचं काम बघते. गेल्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी मला ऑटिझम असल्याचं निदान केलं. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर आमची टेबलं शॉपफ्लोअरच्या दाराशी हलवली. प्रेस मशीनच्या आवाजात डोकं बधिर होतं. साहेब जाता-येता तोंडी कामं सांगतात, त्यातली काही निसटतात. आता ‘सूचना पाळत नाही, सहकाऱ्यांत मिसळत नाही’ असं वॉर्निंग लेटर मिळालंय. एचआर म्हणतं, स्वतःहून राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ. काय करू?

उत्तर : ताई, राजीनाम्यावर सही करू नका. ‘स्वखुशीने’ असं लिहून दिलेला राजीनामा दबावाखाली घेतला, हे नंतर सिद्ध करणं फार जड जातं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम 3 नुसार दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही आणि कलम 2 मधल्या व्याख्येप्रमाणे वाजवी सोयी, म्हणजे काम करता यावं म्हणून लागणारे बदल, नाकारणं हाही भेदभावच. मालकावर अवाजवी बोजा पडणार नाही, एवढीच त्याला मर्यादा. टेबल हलवणं आणि सूचना लिहून देणं हा कुठल्याच कंपनीला बोजा म्हणता येणार नाही.

मात्र कंपनीला तुमचं निदान माहीतच नसेल, तर तिनं सोय नाकारली असं म्हणता येत नाही. त्यामुळे सांगायचं की नाही, हा निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल. माझं मत विचाराल तर वॉर्निंग लेटर हातात आल्यावर गप्प राहण्यात तुमचंच नुकसान आहे. पण सगळी फाइल देऊ नका. डॉक्टरांकडून निदान आणि कामावर होणारा परिणाम सांगणारं अर्ध्या पानाचं पत्र घ्या. ते फक्त एचआरला द्या आणि ही माहिती गोपनीय ठेवावी, असं अर्जातच लिहा.

अर्जात ‘मला समजून घ्या’ असं लिहू नका, नेमकं काय हवं ते मागा. उदाहरणार्थ : ‘माझं टेबल प्रेसपासून दूर, रेकॉर्ड रूमच्या बाजूला हलवावं. तोपर्यंत टेबलावर बसून काम करताना आवाज कमी करणारे हेडफोन वापरू द्यावेत. कामाच्या सूचना ईमेलवर मिळाव्यात. एकाच वेळी दोन कामं आली तर आधी कोणतं करायचं, ते साहेबांनी लिहून कळवावं.’ वॉर्निंग लेटरला वेगळं, शांत भाषेतलं उत्तर द्या. टेबल कधी हलवलं, त्याआधी तुमच्या कामाबद्दल तक्रार होती का, हे तारखांसकट येऊ द्या. जुने अप्रेझल जोडा. दोन्हींची पोच घ्या.

‘मिसळत नाही’ हा आरोप मला विशेष खटकतो. मुलगी गप्प राहिली की घरात गुणी आणि शाळेत शांत ठरते, म्हणून कित्येक बायकांचं निदान वयाच्या तिशी-चाळिशीत होतं. आणि तीच बाई डबा एकटी खाते म्हणून ऑफिसात तिच्यावर शेरा मारला जातो. डबा कुणाबरोबर खायचा, हा क्वालिटीच्या कामाचा भाग नाही. उत्तरात हे सभ्य शब्दांत जरूर लिहा. 2021 मध्ये रविंदर कुमार धारीवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की, ज्या वागण्यावरून शिस्तभंगाची कारवाई होते त्यामागे मानसिक दिव्यांगत्व हे अनेक कारणांपैकी एक असलं, तरी कारवाई भेदभावाची ठरू शकते. ते प्रकरण केंद्रीय राखीव पोलीस दलातलं होतं, तरी त्यातलं तत्त्व तुमच्या उपयोगाचं आहे.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही काढायला घ्या. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर खचू नका. ती अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. वाजवी सोयीसाठी ती लागत नाही, हे विकास कुमार प्रकरणात 2021 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं.

कायद्यात एक उणीव आहे, तीही सांगते. नोकरीतल्या भेदभावावरचं कलम 20 फक्त सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगी कंपनीला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं ते कलम 21 नुसार. त्या धोरणाची प्रत अर्जातच मागा. बऱ्याच कंपन्यांकडे ते नसतं आणि ही मागणी आली की एचआरचा सूर बदलतो.

तरीही दाद मिळाली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. नोकरीवर परत घेण्याचा हुकूम तिथून मिळेलच असं नाही, म्हणूनच नोकरी हातात असतानाच हे सगळं करायचं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वॉर्निंग लेटर, नेमणूकपत्र आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन याच आठवड्यात जा.