दर वाढवायच्या आधी खोकं मोजा

ताई, कुरडया-पापडांच्या महिन्याला साठ ऑर्डरी जातात, तरी हातात काही उरत नाही, दर वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. आधी टेप घेऊन तुमचं खोकं मोजा. मी हाच माल नऊ वर्षं पाठवतेय. पहिली दोन वर्षं माझा सगळा नफा खोक्यातच जात होता.

कुरियरवाले काट्यावरचं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. कुरडई मोडू नये म्हणून मी 30 बाय 25 बाय 20 चं खोकं घ्यायचे. आत अर्धा किलो माल आणि बिल 3 किलोचं! आता कुरडई घालतानाच तळहातात मावेल एवढी घालते, पाकिटात चळत रचते आणि 25 बाय 20 बाय 10 च्या खोक्यात भरते. बिल 1 किलोवर आलं. चीक तोच, सोऱ्या तोच.

दुसरी गळती कॅश ऑन डिलिव्हरीची. एका दिवाळीत माझी अकरा पार्सलं परत आली. कुणी फोन उचलला नाही, कुणी गावाला गेलेलं. जायचं भाडं माझं, यायचंही माझं, आणि आत कुरडयांचा नुसता चुरा. उन्हात उभं राहून घातलेला माल तसा पाहिला आणि मला रडू आलं. तेव्हापासून शंभर रुपये आधी यूपीआयने घेते आणि पार्सल निघायच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करते. ऑर्डरी थोड्या घटल्या, पण माल परत येणं जवळपास थांबलं.

आपला माल चैत्र-वैशाखात होतो आणि विकला जातो पार दिवाळीपर्यंत. गव्हाचे आणि मदतीला येणाऱ्या बायकांच्या मजुरीचे पैसे मात्र उन्हाळ्यातच रोख लागतात. ते प्रत्येक विक्रीतून वेगळ्या खात्यात टाकत जा. मी एकदा त्यासाठी व्याजाने पैसे काढले होते, तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

मसालाही सुरू करायचाय म्हणालात. पापडावर जीएसटी नाही, मसाल्यावर 5 टक्के आहे. तो इंदूर-बेळगावला, म्हणजे राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल लहान असली तरी जीएसटीची नोंदणी लागते, तेव्हा आधी सीएला भेटा. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक लेबलवर हवाच.

दराचं नंतर बघू. आज शेवटच्या वीस पार्सलांची बिलं काढा आणि प्रत्येकावर किती किलो लावलंय ते लिहून घ्या.