टेंडर आणि भरती: कागद कधी मागायचा?

ठाणे आणि नवी मुंबईतून अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते. तक्रार बरोबर असते, पण ती बिल निघून गेल्यावर केलेली असते. महापालिकेच्या लेखापरीक्षण विभागात नोकरी केल्यामुळे मला माहीत आहे की पैसा अदा झाल्यावर आक्षेप नोंदवला जातो, त्यावर खुलासा येतो आणि आक्षेप वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो. तो वेळेवर घेतला तर फाइल थांबते. म्हणून या वेळी उत्तरे देताना कोणता कागद कोणत्या टप्प्यावर मागायचा, यावरच भर दिला आहे.

प्रश्न: आता नगरसेवक निवडून आले आहेत. मग टेंडर आयुक्त मंजूर करतात की नगरसेवक? आणि आम्हाला ते कळणार कसे? (वाचक, कासारवडवली, ठाणे)

दोघेही, आपापल्या टप्प्यावर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 73 प्रमाणे करार करण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या रकमेचा करार मात्र स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. या समितीत 16 सदस्य असतात आणि ते पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे येतात, म्हणजे विरोधकही आत असतात.

नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून हा टप्पा कागदोपत्रीच उरला होता. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून त्याच अधिकाऱ्याने तो मंजूर करायचा, अशी व्यवस्था होती. अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी स्वतःच्या प्रस्तावाला स्वतःच प्रश्न विचारणे शक्य नसते. 15 जानेवारी 2026 च्या मतदानानंतर ती स्थिती संपली, हे चांगले झाले. पण समिती आली म्हणजे देखरेख आली, असे समजू नका. विषयपत्रिका सदस्यांच्या हातात पडते, चर्चा होते आणि कित्येक विषय "मंजूर, मंजूर" म्हणत पुढे जातात.

तुम्ही लक्ष ठेवायचे ते विषयपत्रिकेवर आणि तिच्या गोषवाऱ्यांवर. प्रत्येक प्रस्तावाला गोषवारा जोडलेला असतो. त्यात काम काय, अंदाजपत्रकीय रक्कम किती, निविदा किती आल्या आणि सर्वांत कमी दर कोणाचा, हे लिहिलेले असते. तुमच्या प्रभागातले सदस्य कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्याकडे सभेच्या आधी गोषवारा मागा. महासभा असेल तर पाचपाखाडीच्या मुख्यालयात नरेंद्र बल्लाळ सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसा. लोक ऐकायला बसलेत हे दिसले की प्रश्न विचारणाऱ्या नगरसेवकाला बळ येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

गोषवाऱ्यात तीन शब्द दिसले की तिथे थांबा. पहिला शब्द "मुदतवाढ". तीन वर्षांचा ठेका संपतो, नवे टेंडर वेळेवर काढले जात नाही आणि जुन्याच ठेकेदाराला तीन-तीन महिने वाढवून मिळत जातात. स्पर्धा न होता काम चालू ठेवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. अशा वेळी एकच विचारा: ठेका कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होते, मग नव्या निविदेची फाइल कोणत्या तारखेला सुरू झाली? दुसरा शब्द "कार्योत्तर मंजुरी", म्हणजे काम करून मोकळे झाल्यावर घेतलेली परवानगी. तिसरा "ऐनवेळचा विषय", जो विषयपत्रिकेत नसतो आणि सभेत अचानक येतो.

निविदा न काढता थेट काम देण्याच्या वाटाही कायद्यातच आहेत. याच अधिनियमाच्या अनुसूचीतील प्रकरण 5 च्या नियम 2(2) प्रमाणे कारणे नोंदवून निविदेशिवाय करार करता येतो. ठाण्यात पालिकेचे कामकाज पाहणाऱ्यांना "पाच दोन दोन" ही संज्ञा ठाऊक असते. कलम 67(3)(सी) आणीबाणीसाठी आहे. दरड कोसळली किंवा साथ पसरली तर आयुक्तांनी पंधरा दिवस टेंडरची वाट पाहू नये, हे बरोबरच आहे. पण दर जूनमध्ये नाला तुंबणे ही आणीबाणी नव्हे. या तरतुदी वापरल्या असतील तर लेखी नोंदवलेली कारणे मागा, कारण कायद्याने ती असायलाच हवीत. ठराव कायद्याच्या किंवा लोकहिताच्या विरोधात आहे असे वाटले तर नगरविकास विभागाकडे अर्ज करता येतो. कलम 451 खाली राज्य शासन असा ठराव विखंडित, म्हणजे रद्द करू शकते.

प्रश्न: आमच्या गल्लीतला पदपथ चांगला असताना उखडला आणि नवे ब्लॉक बसवले. सहा महिन्यांत ते खचले. किती बिल निघाले आणि तेवढे काम झाले का, हे सामान्य माणसाला तपासता येते का? (वाचक, नेरुळ)

येते, आणि त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. मोजपट्टी लागते आणि मोजमाप पुस्तिका लागते. पालिकेत तिला सगळे "एमबी" म्हणतात. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर घेतलेली लांबी, रुंदी, जाडी आणि तारीख तिच्यात लिहायची आणि उपअभियंत्याने तपासून सही करायची. ठेकेदाराचे बिल या पुस्तिकेवरून बनते.

माहिती अधिकाराच्या अर्जात या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, एमबीची संबंधित पाने आणि अंतिम बिल मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. "गेल्या पाच वर्षांतील सर्व पदपथ" असे लिहिले की अर्ज अडकतो. कामाचे नाव, गल्ली आणि वर्ष, एवढेच पुरे.

कागद आल्यावर आधी जाडी पाहा. पेव्हर ब्लॉक 60 मिलिमीटरचे असतात, 80 चेही असतात आणि त्यांच्या दरात फरक असतो. अंदाजपत्रकात 80 लिहिले असेल तर खचलेल्या जागेवरचा सुटा ब्लॉक उचलून पट्टी लावा. मग लांबी मोजा. समजा एमबीत 140 मीटर आहे आणि तुमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत 118 मीटरच भरते, तर पुढे बोलण्यासारखे फार काही उरत नाही. मग ब्लॉकखालच्या थराची नोंद पाहा. पदपथ खचतो तो बहुतेकदा खाली दबाई नीट न केल्यामुळे. खडी आणि दबाईचे पैसे लावले असतील, तर ती मोजमापे कोणत्या तारखेला घेतली? ब्लॉक बसवल्यानंतरची तारीख असेल, तर खालचा थर मोजला कसा, हा प्रश्न विचारता येतो.

एक नोंद सहसा कोणी मागत नाही, ती म्हणजे निघालेल्या मालाची. उखडलेले जुने ब्लॉक चांगल्या स्थितीत होते असे तुम्ही म्हणता. ते पालिकेच्या भांडारात जमा झाले की त्यांची किंमत बिलातून वजा केली? दोन्ही नसेल तर ते गेले कुठे? "चांगला पदपथ का उखडला" या प्रश्नाचे उत्तर कधी कधी याच नोंदीत सापडते.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. अर्जात तसे स्पष्ट लिहा. फाइल बघायला गेलात तर पहिला तास विनाशुल्क असतो. आणि मुख्य म्हणजे कार्यादेशातला दोषदायित्व कालावधी बघा. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि तोवर त्याची सुरक्षा अनामत पालिकेकडे असते. विभाग कार्यालयात आजच लेखी तक्रार देऊन पोच घ्या. अनामत परत गेल्यावर पालिकेच्या हातात काही राहत नाही.

प्रश्न: पालिकेत "आतून" लिपिक म्हणून लावून देतो, असे सांगून एकाने भावाकडून पैसे मागितले आहेत. अर्धे दिलेत. आता काय करावे? (वाचक, दिवा)

उरलेले देऊ नका आणि आजच पोलिसांकडे जा. गट क आणि गट ड ची सरळसेवा भरती जाहिरात काढून संगणकावरील परीक्षेने होते. ठाण्यात 2025 मध्ये 1773 पदांची आणि नवी मुंबईत 620 पदांची भरती याच पद्धतीने निघाली. बाहेरचा माणूस "लावून" देऊ शकत नाही. त्याने दाखवलेल्या नियुक्तिपत्राची खात्री आस्थापना विभागात जाऊन करा. पैसे कोणा पालिका कर्मचाऱ्याने मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 नंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणून दिवस घालवू नका.

प्रश्न: आम्ही प्रकल्पग्रस्त. सिडकोसाठी आमच्या आजोबांची जमीन गेली. प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के आरक्षण आहे म्हणतात, पण माझ्या पदासाठी जाहिरातीत शून्य जागा. ही फसवणूक नाही का? (वाचक, घणसोली गाव)

तुमचा राग मला समजतो. ज्या गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांच्या मुलांनी पालिकेच्या जाहिरातीत स्वतःच्या नावापुढे शून्य वाचावे, हे क्लेशदायकच आहे. पण शून्य म्हणजे दर वेळी फसवणूक नसते. हे समांतर आरक्षण आहे. 620 च्या 5 टक्के म्हणजे 31, असा हिशेब होत नाही. प्रत्येक संवर्गात, आणि त्या संवर्गातल्या प्रत्येक सामाजिक प्रवर्गात, वेगळे 5 टक्के काढतात. एखाद्या पदाच्या एखाद्या प्रवर्गात सहाच जागा असतील तर 5 टक्क्यांचा अपूर्णांक एकापर्यंत पोहोचत नाही.

फसवणूक होऊ शकते ती त्याच्या आधी, एकूण जागा किती दाखवल्या तिथे. म्हणून जाहिरात निघण्यापूर्वीची बिंदुनामावली मागा. कोणत्या बिंदूवर कोणता प्रवर्ग आणि कोणती जागा कधी रिक्त झाली, हे तिच्यात असते. ती सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. तपासणीची तारीख आणि शेरे मागा. त्यात दाखवलेली रिक्त पदे आणि जाहिरातीतली पदे जुळत नसतील, तर फरकाचे कारण लेखी विचारा.

"आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणून भरती नाही," असे उत्तर येऊ शकते. आस्थापना खर्च म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, आणि ती मर्यादा खरी आहे. पण मग त्याच कामासाठी ठेकेदारामार्फत किती माणसे घेतली आणि त्यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकला, हेही विचाराच. पगार आस्थापनेतून निघाला काय आणि ठेक्याच्या बिलातून निघाला काय, तिजोरी एकच आहे.

दुसऱ्या उमेदवारांचे गुण आणि कागदपत्रे मागितलीत तर नोव्हेंबर 2025 पासून ते अवघड झाले आहे. माहिती अधिकाराचे कलम 8(1)(ञ) बदलून वैयक्तिक माहितीचा अपवाद फार रुंद करण्यात आला. हा बदल मला घातक वाटतो, कारण भरतीतली अफरातफर नेहमी कोणत्या तरी व्यक्तीच्या कागदातच असते. कलम 8(2) मधली व्यापक लोकहिताची तरतूद शाबूत आहे. अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करा आणि नकार आला तर 30 दिवसांत पहिले अपील करा.

प्रश्न: आम्ही ठेकेदाराकडे सफाईचे काम करतो. पगारातून पीएफ कापतात, पण खात्यात दिसत नाही. पालिका म्हणते, ठेकेदाराला विचारा. (महिला कामगार, तुर्भे)

ताई, ते उत्तर चुकीचे आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे पालिकेवर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आहे. पीएफच्या कायद्यातही पालिकेची जबाबदारी सुटत नाही.

तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा क्रमांक टाकून पासबुकाची प्रत काढा आणि ज्या महिन्यांची रक्कम नाही त्या महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या एकत्र ठेवा. त्या महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. मग सगळ्या जणींनी मिळून वाशीच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार द्या आणि एक प्रत पालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकांना द्या.

तुमच्या संघटनेला यात आणखी एक गोष्ट करता येईल. एका महिन्याचे तीन आकडे माहिती अधिकारात मागा: हजेरीपटावर किती कामगार, ठेकेदाराच्या बिलात किती आणि बिलासोबत जोडलेल्या पीएफच्या चलनात किती. नावे नको, नुसती संख्या, म्हणजे वैयक्तिक माहितीचे कारण पुढे येणार नाही. समजा बिलात 60 आहेत आणि चलनात 41, तर उरलेल्या 19 जणांचा पीएफ बुडवला आहे किंवा ते 19 जण अस्तित्वातच नाहीत. दोन्ही प्रकारांत बिल अदा करणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. ठेक्याला मुदतवाढ देण्याचा विषय स्थायी समितीपुढे येण्याआधी हे आकडे सदस्यांच्या हातात पडले पाहिजेत.

प्रश्न: नगरसेवकाच्या भावाच्या कंपनीला काम मिळाले आहे. पद जाऊ शकते का? (वाचक, कळवा)

नुसत्या नात्याने नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 प्रमाणे नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध त्या करारात असेल तर तो अपात्र ठरतो. म्हणजे भाऊ असणे हा पुरावा नव्हे, पैसा कुठे जातो हा पुरावा. कंपनी नोंदणीतले संचालक आणि भागधारक बघा आणि नगरसेवकाने निवडणुकीच्या शपथपत्रात दाखवलेल्या गुंतवणुकीशी ताडून पाहा. त्या टेंडरमधल्या बाकीच्या निविदाही बघा. तीन निविदांमध्ये स्पेलिंगच्या त्याच चुका असतील किंवा दोन हरलेल्या निविदा एकाच पत्त्यावरून आल्या असतील, तर संगनमताची तक्रार जास्त टिकते आणि त्यासाठी नाते सिद्ध करण्याचीही गरज पडत नाही.