कुमक की माघार: एका टिपणाच्या निमित्ताने

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे टिपण दोनदा वाचले. पहिल्यांदा भराभर आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. जानेवारी 2007 मध्ये इराकमध्ये अमेरिकेने आणखी सैन्य पाठवावे की असलेले मागे घ्यावे, या प्रश्नावर तू माघारीच्या बाजूने कौल दिला आहेस. तो कौल चूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्या वेळी तुझ्यामाझ्याहून कितीतरी जाणत्या माणसांनी तोच दिला होता. माझी तक्रार वेगळी आहे. तू कागदावर एक उभी रेघ मारलीस, एका बाजूला कुमकेचे फायदे-तोटे आणि दुसऱ्या बाजूला माघारीचे लिहिलेस, बेरीज केलीस आणि ज्या बाजूचे पारडे जड भरले ती उचललीस. असा ताळेबंद घर भाड्याने घ्यावे की विकत, यासाठी ठीक आहे.

पहिली गोष्ट अशी की असे निर्णय फारच क्वचित दोन पर्यायांतून घेतले जातात. टेबलावर तिसरा पर्याय नेहमी असतो आणि बहुतेक वेळा तोच निवडला जातो: थोडे सैन्य वाढवायचे, थोडी मुदत मागायची आणि पुढच्या आढाव्यापर्यंत निभावून न्यायचे. उमेदवारीच्या काळात मीही अशी टिपणे लिहिली आहेत. एक पर्याय मुद्दाम भडक, दुसरा मुद्दाम भेकड आणि मधला असा बेतलेला की वरिष्ठांनी न वाचताच त्यावर सही करावी. वरिष्ठ सही करत, मला शाबासकी मिळे आणि सहा महिन्यांनी तीच फाईल जरा जाड होऊन माझ्याकडे परत येई. मधला मार्ग समंजस असतो म्हणून टिकत नाही. त्यात कोणालाच आपली चूक कबूल करावी लागत नाही, म्हणून तो टिकतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 28 जुलै 1965 चे आहे. व्हिएतनाममधील सैन्य 75,000 वरून 1,25,000 पर्यंत नेण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या दिवशी जाहीर केला. लोक कामात असतात अशा भर दुपारी घेतलेल्या पत्रकार परिषदेत ही घोषणा झाली आणि त्याच बैठकीत सर्वोच्च न्यायालयावरील एका नेमणुकीचीही बातमी देण्यात आली. राखीव दले बोलावली नाहीत. देश युद्धात उतरतो आहे असे कोणाला वाटू नये, याची पुरेपूर काळजी घेतलेली होती. त्याच महिन्याच्या आरंभी परराष्ट्र खात्यातील जॉर्ज बॉल यांनी लेखी बजावले होते की आपली माणसे मोठ्या संख्येने मरू लागली की परतीची वाट जवळजवळ बंद होईल. ते टिपण वाचले गेले, त्यावर चर्चाही झाली आणि नंतर ते बाजूला ठेवले गेले. एप्रिल 1969 पर्यंत सैनिकांचा आकडा 5,43,000 वर गेला. एवढी संख्या ठरवून एकदाच पाठवावी, असे कोणत्याही एका दिवशी कोणीही म्हटलेले नव्हते.

म्हणून तुझ्या टिपणात 'किती' या शब्दाआधी 'कशासाठी' हा शब्द यायला हवा. सैन्य प्रदेश ताब्यात ठेवू शकते, रस्ते उघडे ठेवू शकते, शत्रूला बाजारपेठेतून हुसकावून लावू शकते. या सगळ्याचा अर्थ एवढाच की ते वेळ विकत घेते. तो वेळ वापरायचा मात्र दुसऱ्याच कोणीतरी असतो, म्हणजे तिथल्या सरकारने, तिथल्या टोळीप्रमुखांनी, तिथल्या पोलिसांनी. त्यांना तो वापरायचा आहे का आणि वापरता येईल का, हे तुझ्या बारा पानांत कुठेही विचारलेले नाही. माझे सगळे घोडे इथे अडते.

इराककडेच पाहा. फेब्रुवारी 2006 मध्ये समारा येथील शियांच्या पवित्र अल-अस्करी मशिदीत स्फोट झाला आणि बगदादमध्ये शिया-सुन्नी कत्तलींचे सत्र सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पक्षाने निवडणुकीत मार खाल्ला. डिसेंबरमध्ये बेकर-हॅमिल्टन या सर्वपक्षीय अभ्यासगटाने 79 शिफारशींचा अहवाल देऊन 2008 च्या पहिल्या तिमाहीपर्यंत लढाऊ ब्रिगेड, म्हणजे काही हजार सैनिकांची एकेक दले, बाहेर काढता येतील असे सुचवले. या साऱ्याच्या उलट 10 जानेवारी 2007 रोजी बुश यांनी 20,000 हून अधिक सैनिक, म्हणजे मुख्यतः पाच ब्रिगेड, वाढवत असल्याचे जाहीर केले. ते वर्ष अमेरिकी सैन्यासाठी त्या युद्धातील सर्वांत रक्तरंजित ठरले, 900 हून अधिक सैनिक मेले आणि शरद ऋतूपासून हिंसाचार झपाट्याने उतरला. तू लिहितोस की ही केवळ योगायोगाची घट होती. तुझे विरोधक लिहितील की हा पाच ब्रिगेडचा पराक्रम होता. दोघांनीही पश्चिम इराकमधल्या रमादी शहराकडे पुरेसे पाहिलेले नाही. तिथल्या सुन्नी टोळ्या अल-कायदाच्या जाचाला कंटाळून सप्टेंबर 2006 मध्येच, म्हणजे बुश यांच्या घोषणेच्या चार महिने आधी, अमेरिकनांच्या बाजूला वळू लागल्या होत्या. पुढे ऑगस्ट 2007 मध्ये शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांनी आपल्या शिया सेनेला शस्त्रे खाली ठेवायला सांगितले. बगदादच्या कित्येक मिश्र वस्त्या तोवर कत्तलींनी आणि पलायनाने एकाच पंथाच्या होऊन गेल्या होत्या आणि उरलेल्यांमध्ये माणसाच्या दुप्पट उंचीच्या काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. कुमक आली ती या वळणावर आली. ती वर्षभर आधी आली असती तर तिला हात द्यायला समोर कोणी नव्हते.

आता पुढचा भाग, जो विजयाच्या कथांमध्ये गाळला जातो. जे सुन्नी पहारेकरी महिना सुमारे 300 डॉलरवर अमेरिकनांबरोबर उभे राहिले, त्यांना सरकारी नोकऱ्यांत सामावून घेण्याचे काम इराकचे पंतप्रधान नूरी अल-मालिकी यांच्या सरकारचे होते. ते रेंगाळले, टाळले गेले आणि पुढे त्यांतल्या अनेकांच्या मागे अटकेची वॉरंटे लागली. डिसेंबर 2011 मध्ये शेवटची अमेरिकी तुकडी कुवेतमध्ये गेली आणि जून 2014 मध्ये मोसुल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती पडले. कुमकेने वेळ मिळवला होता, पण ज्यांनी तो खर्च करायचा त्यांनी तो भलत्याच कामी लावला. म्हणून कुमक यशस्वी झाली की फसली, असा प्रश्न कोणी विचारला की मी आधी कोणत्या वर्षापर्यंतचे विचारता असे विचारतो.

अफगाणिस्तानात हेच कोणीतरी आधी लिहून ठेवले होते. नोव्हेंबर 2009 मध्ये काबूलमधील अमेरिकी राजदूत कार्ल आयकेनबेरी यांनी तारेने कळवले की अफगाण राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई हे या कामात भरवशाचे भागीदार नाहीत आणि सैन्य वाढवल्यास अफगाणांनी स्वतः जबाबदारी घेण्याचा दिवस आणखी लांबेल. हे गृहस्थ मुलकी पेशाचे नव्हते. काही वर्षांपूर्वी तिथल्याच सैन्याचे नेतृत्व केलेले ते निवृत्त जनरल होते. 1 डिसेंबरला ओबामा यांनी 30,000 सैनिक वाढवले आणि त्याच भाषणात 18 महिन्यांनी परतीला सुरुवात होईल असेही सांगितले. येतानाच जायची तारीख सांगितलेल्या सैन्याशी गावच्या वडीलधाऱ्याने किती जवळीक करावी, याचा विचार त्याच्या ओसरीवर बसून करून पाहा.

हीच कसोटी माघारीलाही लाव, कारण तू माघारीला दार ओढून घेण्याइतके सोपे समजला आहेस. 15 फेब्रुवारी 1989 रोजी जनरल ग्रोमोव्ह अमू दर्यावरचा पूल ओलांडून तेर्मेझला पोचले आणि अफगाणिस्तानातून सोव्हिएत माघार पूर्ण झाली. मागे राहिलेले, सोव्हिएतांच्या आधारावरचे नजीबुल्ला यांचे सरकार काही आठवड्यांत कोसळेल असे बहुतेकांचे भाकीत होते. ते एप्रिल 1992 पर्यंत तगले. जलालाबादवरचा मुजाहिदीन बंडखोरांचा मोठा हल्ला त्यांनी परतवला. कारण सैनिक गेले तरी पैसा, इंधन, धान्य आणि दारूगोळा येत राहिला होता. सोव्हिएत संघ विसर्जित झाला, रसद आटली आणि मग महिन्यांतच सरकार गेले. याउलट 2021 मध्ये अमेरिकी सैन्याबरोबर कंत्राटी तंत्रज्ञही गेले आणि अफगाण हवाई दलाची विमाने दुरुस्तीअभावी जमिनीवर बसू लागली. डोंगरातल्या चौकीला वरून शिधा, गोळ्या आणि जखमींसाठी हेलिकॉप्टर येणार नाही हे कळल्यावर तिथला शिपाई किती दिवस लढेल? 15 ऑगस्टला काबूल पडले. तेव्हा 'माघार घ्यावी' एवढे वाक्य पुरेसे नाही. काय नेणार, काय ठेवणार, किती वर्षे पैसे मोजणार आणि ते मोजायला संसद तयार आहे का, हे लिहिल्याशिवाय तो पर्याय होत नाही, ती केवळ इच्छा राहते.

आकड्यांबद्दल थोडक्यात. डिसेंबर 2006 मध्ये आलेल्या अमेरिकी सैन्याच्या बंडखोरीविरोधी नियमपुस्तिकेत दर हजार रहिवाशांमागे 20 सुरक्षाकर्मी असा अंदाज आहे. म्हणजे साठ लाख वस्तीच्या शहराला, स्थानिक पोलीस आणि सैनिक धरून, 1,20,000 माणसे हवीत. दुसरे असे की मैदानात एक ब्रिगेड हवी असेल तर एक नुकतीच परतलेली आणि एक तयारीत असलेली, अशा तीन ब्रिगेडचा हिशेब धरावा लागतो. 2007 मध्ये हे गणित जुळेना, तेव्हा एप्रिलमध्ये सैनिकांची तैनाती 12 महिन्यांवरून 15 महिने करण्यात आली. घरी परतायच्या तारखेवर फुली मारून ठेवलेल्या कुटुंबांना ती बातमी कशी पोचली असेल, हे तुझ्या 'मनुष्यबळावरील ताण' या शब्दांत मावत नाही.

लोकमताविषयी तू दोन ठिकाणी दोन वेगळी मते मांडली आहेस. तिसऱ्या पानावर ते अंतिम न्यायाधीश आहे आणि नवव्या पानावर ते भावनिक अडथळा आहे. मला विचारशील तर इंधन जसे साधन तसे तेही एक साधन आहे: किती उरले आहे हे मोजावे आणि ते चोरून वापरू नये. जॉन्सन यांनी चोरून वापरले. जानेवारी 1968 च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये टेटचे, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणातले, हल्ले झाले, शत्रूचे नुकसान प्रचंड झाले, तरीही घरच्यांचा विश्वास उडाला, कारण विजय दृष्टिपथात आहे असे त्यांना नुकतेच सांगितलेले होते. त्यानंतर लष्कराने आणखी 2,06,000 माणसे मागितली. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड तोवर युद्धाचे समर्थक म्हणून ओळखले जात. त्यांनी सेनाप्रमुखांना अगदी साधे प्रश्न विचारले. एवढी पुरतील का, न पुरल्यास आणखी किती लागतील, किती काळ लागेल, जिंकण्याची योजना काय? एकाही प्रश्नाला धड उत्तर मिळाले नाही आणि क्लिफर्ड यांचे मत तिथे पालटले. हे चार प्रश्न तू कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेव.

एका वाक्याशी मात्र मला भांडायचे आहे. 'आजवरच्या बलिदानाचा मान राखण्यासाठी' असे तू विरोधकांच्या तोंडी घातलेस आणि पुढच्याच ओळीत ते खोडून काढलेस, तेही जरा तुच्छतेने. युक्तिवाद म्हणून ते लंगडे आहे हे खरे. गेलेल्यांसाठी आणखी किती घालवायचे, याला त्यात मर्यादाच नाही, आणि व्हिएतनाममध्ये जानेवारी 1969 नंतर, म्हणजे युद्ध आवरायचे असे ठरल्यावरही, 20,000 हून अधिक अमेरिकी सैनिक मेले. पण ज्याचा मुलगा गेला तो हे वाक्य बोलतो तेव्हा तो युक्तिवाद करत नसतो. त्याला उत्तर देताना आवाज खाली ठेवावा.

श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेचा उल्लेख तू केलेला नाहीस, तो हवा होता. जुलै 1987 मध्ये तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा होण्यावर देखरेख करायला गेलेले सैन्य ऑक्टोबरमध्ये जाफन्यात त्याच बंडखोरांशी लढत होते. अडीच महिन्यांत हेतू उलटला, तरी 'कशासाठी' हा रकाना नव्याने भरला गेला नाही. 1989 मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांच्या सरकारने आम्हाला तुम्ही नकोत असे उघड सांगितले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर जवळपास 1,200 जवान गेले होते. ज्यांच्यासाठी वेळ विकत घ्यायचा तेच घेऊ नका म्हणतात, तेव्हा धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी गत होते.

आता दुसरा खर्डा कर. कौल बदलू नकोस, निदान मला बरे वाटावे म्हणून तरी नको. तो उभ्या रेघेचा तक्ता काढून टाक आणि त्या जागी दोन्ही पर्यायांसाठी मालिकी सरकारने पुढच्या वर्षभरात नेमके काय करावे लागेल आणि ते न केल्यास तू काय सुचवशील, एवढेच लिही. शिवाय माघारीच्या भागात एक पान दुभाष्यांसाठी, म्हणजे परक्या सैन्याला साथ देणाऱ्या स्थानिकांसाठी, राखून ठेव. अल्जीरियात 1962 मध्ये फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या हार्कींपैकी, म्हणजे स्थानिक सैनिकांपैकी, बहुसंख्य मागेच राहिले आणि त्यांतले हजारो मारले गेले. तुझ्या बारा पानांत सैनिक, ब्रिगेड, डॉलर, मतदार सगळे आहेत, फक्त ही माणसे नाहीत.

पंधरा दिवसांत पाठवलेस तर मी शांतपणे वाचेन.

तुझा,
जुना टिपणकार