बेळगावातल्या वडगावच्या विणकर गल्ल्या आणि शेजारची कॉलनी यांच्या आरोग्यातला फरक आम्ही कार्यकर्त्यांनी कसा मोजावा? मोजून पुढे काय करावं?

दहा-बारा जणांना हे नक्की जमतं. जिल्ह्याच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) अथणी, चिक्कोडी, खानापूर आणि बेळगाव शहर एकाच सरासरीत मिसळले आहेत. गल्लीचा आकडा गल्लीतच काढावा लागतो.

आधी यादी. कर्नाटकाच्या १९७३ च्या कायद्याखाली झोपडपट्टी म्हणून जाहीर झालेल्या वस्त्यांपुरती ती ठेवू नका. जाहीर न झालेली वस्ती, मागाच्या शेडमागच्या भाड्याच्या खोल्या, बांधकामावरची पत्र्याची घरं सरकारी यादीत सापडत नाहीत, आणि उपचारांपासून सगळ्यात लांब राहिलेली माणसं बहुधा तिथेच असतात. म्हणून पायी फिरा, खडूने नंबर घाला आणि दारं न मोजता चुली मोजा. एका दारामागे तीन चुली असतील तर ती तीन कुटुंबं. ३०० चुलींतून १०० घ्यायच्या तर पहिल्या तीनपैकी एक चिठ्ठी टाकून निवडा आणि तिथून दर तिसरी घ्या. दार बंद असेल तर शेजारचं घर घेऊ नका, संध्याकाळी सातनंतर किंवा मागांच्या सुट्टीला परत जा. सकाळी अकराला घरी सापडतात ती म्हातारी माणसं आणि लहान मुलांच्या आया. मागावरचा आणि उद्यमबागेतल्या फौंड्रीतला कामगार तुमच्या कागदावर येतच नाही.

“तब्येत कशी आहे?” हा प्रश्न टाकूनच द्या. आजाराची सवय झालेला माणूस “बरं आहे” म्हणतो आणि वस्ती कॉलनीपेक्षा निरोगी दिसायला लागते. मोजता येईल तेच विचारा: गेल्या वर्षभरात रक्तदाब मोजला का, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का (फौंड्रीत वाळूची धूळ छातीत जाते, तिथे क्षयाचा धोका वाढतो), गरोदर बाईच्या तायी कार्डावर (तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी माता कार्ड) हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे का. कार्ड डोळ्यांनी पाहिलं की तोंडी सांगितलं, हे वेगळं लिहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंड फितीने मोजा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर त्या मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा, सर्वेक्षण संपायची वाट पाहू नका.

लसीकरणात बरेच जण फसतात. १०० घरांत १२ ते २३ महिन्यांची मुलं जेमतेम सात-आठ निघतात, त्यांच्यावर टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. तिथे नमुना न घेता भागातल्या सगळ्याच मुलांची यादी करा.

आता हिशेब. समजा, दोन्हीकडे तिशीपुढचे १००-१०० लोक घेतले. रक्तदाब मोजलेले कॉलनीत ८६, वस्तीत ५८. फरक २८. मोजलेल्यांत कॉलनी जवळजवळ दीडपट पुढे, पण न मोजलेल्यांत (१४ आणि ४२) वस्ती तिप्पट मागे. पुढच्या वर्षी कॉलनी ९६ वर आणि वस्ती ७० वर गेली, तर फरक २६ होतो, म्हणजे थोडा घटतो. मात्र न मोजलेले ४ आणि ३० म्हणजे साडेसातपट! एकाच कागदातून “दरी कमी झाली” आणि “दरी वाढली” अशी दोन्ही वाक्यं निघतात. म्हणून फरक, पट आणि मूळ संख्या तिन्ही शेजारी शेजारी लिहा. एवढ्या नमुन्यात १२-१४ टक्क्यांच्या आतला फरक योगायोगाचाही असू शकतो, त्यावर निवेदन देऊ नका. आणि तुलना वयोगटानेच करा: ३०-४४, ४५-५९, साठीपुढचे. कॉलनीत म्हातारे जास्त असले तर तिथेच रक्तदाबाचे रुग्ण जास्त दिसतील.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना “का नाही?” हा आहे. कामाची पाळी सुटेपर्यंत नम्म क्लिनिक (सरकारचा शहरी दवाखाना) बंद होत असेल, तर मागाच्या शेडवर संध्याकाळची तपासणी मागा. रेशन कार्डाची अडचण असेल तर ती नेमकी लिहा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण रेशन कार्ड महाराष्ट्रातलं, चंदगडकडचं असेल तर अडू शकतं. अशा घरांची वेगळी संख्या काढा. कारण भाषेचं असेल, तर मराठी शाळेत शिकलेल्या आजीला कन्नड चिठ्ठी वाचता येत नाही हे डॉक्टरांना सांगा आणि गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्राची चित्रं काढून मागा. उर्दू बोलणाऱ्या घरांनाही त्याचा उपयोग होतो.

आकडे पहिल्यांदा वस्तीतच वाचून दाखवा, नावं न घेता. मग आशाताई आणि महिला आरोग्य समितीला सोबत घेऊन महानगरपालिकेच्या आरोग्य विभागात जा. प्रत्येक आकड्यापुढे एकच मागणी आणि तारीख लिहा, पोच घ्या. फेरमोजणी वर्षाने त्याच महिन्यात, त्याच प्रश्नांनी करा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात मोजलं तर खोकल्या-तापाची तुलनाच होत नाही.