शेजारणीचा निरोप : ‘एवढ्यात नको’

प्रश्न : अकरावीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, की गर्भाच्या मेंदूतील सर्व पेशींत डीएनए एकच असतो, तर अगदी लगटून असलेल्या दोन पेशींपैकी एकीची चेतापेशी का होते आणि दुसरी नुसती विभाजतच का राहते? ‘पेशींवरील ग्राहींमुळे’ एवढेच मला सांगता आले आणि ते माझे मलाच अपुरे वाटले. हे ग्राही नेमके करतात काय?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमचे उत्तर चुकले नव्हते, अर्ध्यावर थांबले होते. मेंदूच्या घडणीत अनेक ग्राहींचा, म्हणजे पेशीला आलेला निरोप झेलणाऱ्या प्रथिनांचा, हात असतो; पेशी वरच्या अंगाची की खालच्या, हे ठरवण्यात सॉनिक हेजहॉग आणि बीएमपी या रेणूंच्या ग्राहींचा मोठा वाटा आहे. पण लगतच्या दोघींत फरक कसा पडतो, हा तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मुख्यतः ‘नॉच’ या ग्राहीचा आहे, म्हणून त्याच्याविषयीच लिहितो.

हे नाव फळमाशीवरून आले. पंखांच्या कडेला खाच असलेल्या माश्या शंभरएक वर्षांपूर्वी संशोधकांच्या नजरेस पडल्या आणि खाच या अर्थाचा इंग्रजी शब्द हा ग्राही घडवणाऱ्या जनुकाला चिकटला. नाव पंखाचे असले, तरी त्याचे मोठे काम चेतासंस्थेत आहे, हे डोनाल्ड पॉल्सन यांच्या भ्रूणांवरील अभ्यासातून पुढे आले. हे जनुक नसलेल्या माशीच्या भ्रूणात, ज्या पेशींची एरवी त्वचा झाली असती त्याही चेतापेशी होऊन बसत आणि भ्रूण मरून जाई. म्हणजे नॉचचा निरोप ‘चेतापेशी हो’ असा नसून ‘होऊ नकोस’ असा आहे, आणि सस्तन प्राण्यांच्या मेंदूत तो बव्हंशी ‘एवढ्यात नको’ असा वाचावा लागतो.

आता मेंदूतील पोकळीच्या काठाशी असलेल्या दोन पूर्वपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे चेतापेशी घडतात अशा पेशी, जवळून पाहू. पहिलीच्या आवरणात नॉच रोवलेला आहे. त्याचा लांब हात बाहेर आहे आणि शेपूट आत. दुसरीच्या आवरणावर ‘डेल्टा’ नावाचे प्रथिन आहे. हे डेल्टा हार्मोनसारखे रक्तातून वाहत येत नाही, ते स्वतःच्या पेशीला पक्के जोडलेले असते, त्यामुळे हा निरोप अंगाला अंग लागल्याशिवाय पोचतच नाही. डेल्टाने नॉचचा हात धरला, की दुसरी पेशी आपले डेल्टा आत ओढून घेऊ लागते. त्या रस्सीखेचीत नॉचचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो, एक विकर (एन्झाइम) त्याला बाहेरून छेदते, मग गॅमा सिक्रिटेज हे दुसरे विकर आवरणाच्या आतच छेद देते आणि सुटी झालेली शेपूट थेट केंद्रकात जाते. एकदा छेदलेला ग्राही पुन्हा वापरता येत नाही. एका निरोपाला एक ग्राही खर्ची पडतो.

केंद्रकात ती शेपूट हेस-१ आणि हेस-५ ही जनुके जागी करते. त्यांची प्रथिने न्यूरोजेनिन-२ आणि एएससीएल-१ या चेतापेशी घडवणाऱ्या जनुकांना दाबून ठेवतात. खरी गंमत पुढेच आहे : डेल्टा तयार करायला लावतात तीही हीच दाबलेली जनुके. त्यामुळे जिला निरोप मिळाला तिचे डेल्टा घटते, ती शेजारणीला फारसे अडवू शकत नाही आणि शेजारीण आणखी पुढे सरकते. सुरुवातीला उन्नीस-बीस असलेला फरक अशा रीतीने वाढत जातो. एक चेतापेशी होऊन वर निघते, दुसरी पोकळीच्या काठाशी पूर्वपेशी म्हणून राहते.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत हे सारे स्थिर दिसते, प्रत्यक्षात तसे नसते. क्योटोच्या र्‍योइचिरो कागेयामा यांच्या गटाने दाखवले, की उंदराच्या पूर्वपेशीत हेस-१चे प्रमाण दर दोन-तीन तासांनी वरखाली होत असते, कारण ते प्रथिन स्वतःच्याच जनुकाला दाबते आणि स्वतः लवकर नष्टही होते. २०१३ साली याच गटाने प्रकाशाच्या साहाय्याने एएससीएल-१ हवे तसे चालूबंद केले. ते हेलकावत ठेवले तर पूर्वपेशी विभाजत राहिल्या, सलग चालू ठेवले तर त्या चेतापेशी झाल्या. प्रथिन तेच, केवळ लय बदलली. माझ्या मते वर्गात सांगण्याजोगा प्रयोग हाच आहे.

हा ‘नको’ उठवला तर मेंदू मोठा होईल, असे सहज वाटते, पण होते उलटेच. हेस-१ व हेस-५ नसलेल्या उंदरांत पूर्वपेशी वेळेआधीच चेतापेशी होतात आणि साठा संपतो. पेरणीसाठी राखलेले बियाणेच दळून खावे, तसे ते आहे. माणसात या थांबण्याला आणखी बळ देणारी नॉच-२-एनएल ही जनुके पहिल्या गुणसूत्रावर असल्याचे २०१८ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. चिंपांझीत ती कार्यक्षम स्वरूपात नाहीत. आपल्या मोठ्या मेंदूचे सगळे श्रेय त्यांनाच देण्याचा उतावीळपणा मात्र मी करणार नाही.

प्रश्न : गर्भसंस्काराच्या संगीताचा या ग्राहींवर परिणाम होतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वर सांगितलेला निरोप दोन पेशींच्या स्पर्शातून जातो, त्यात संगीताला वाट नाही. शिवाय गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो तो साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास, आणि मेंदूच्या बाह्यपटलातील बहुतेक चेतापेशी तोवर जन्मलेल्या असतात. आईला गाणे ऐकून बरे वाटत असेल, तर तिने ते जरूर ऐकावे. ग्राहींना खरोखर गाठणारी वस्तू औषधाच्या पाकिटात असू शकते. तीव्र मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील आहे. त्याचा परिणाम पेशीच्या आतील रेटिनॉइक आम्लाच्या ग्राहींमार्फत होतो आणि गर्भाच्या मेंदूत गंभीर दोष निर्माण होऊ शकतात. म्हणूनच ते गरोदरपणात वर्ज्य आहे आणि ते सुरू असताना, तसेच थांबवल्यावर निदान महिनाभर, दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्यायला डॉक्टर सांगतात.