चलन-व्यवहारांवरील कर : कुठे लावावा, किती लावावा

चलनाच्या प्रत्येक खरेदी-विक्रीवर सरकारांनी अल्पसा कर लावला तर सट्टेबाजी आटोक्यात येईल का, हा आपला प्रश्न आहे. कर जरूर लावावा, असे माझे मत आहे. मात्र कोसळणारे चलन तो वाचवील, या भरवशावर लावू नये.

आधी गणित पाहू. खरेदीवर ०.०५ आणि विक्रीवर ०.०५ टक्के, म्हणजे एका फेरीला ०.१ टक्का कर धरा. वर्षभर पैसे गुंतवून ठेवणाऱ्याला तो जाणवणारही नाही; पण जो रोज सकाळी घेतो आणि संध्याकाळी विकतो, त्याला २४० दिवसांत तोच कर भांडवलाच्या २४ टक्क्यांपर्यंत नेतो. चलनांचे दर डॉलरशी बांधून ठेवणारी ब्रेटन वुड्स व्यवस्था कोलमडल्यानंतर, १९७२ मध्ये, अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी केलेली अशा कराची सूचना याच भेदावर उभी होती आणि तो भेद मला आजही पटतो.

परंतु चलनावर हल्ला होतो, म्हणजे ते कोसळेल या अंदाजाने सगळे एकदम विकू लागतात, तेव्हा हे गणित कोलमडते. थायलंडने २ जुलै १९९७ रोजी आपले चलन बाथ मोकळे सोडले, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला, आणि जानेवारी १९९८ पर्यंत डॉलरच्या तुलनेत त्याचे निम्म्याहून अधिक मूल्य गेले. एवढी घसरण दिसत असताना ०.१ टक्क्यासाठी कोण थांबेल? त्यासाठी अल्पमुदतीचा परकीय पैसा आत येतानाच अडवावा लागतो, जसा चिलीने १९९१ पासून त्यातला काही भाग मध्यवर्ती बँकेत बिनव्याजी ठेवायला लावून अडवला.

कर लावला तर व्यवहार परदेशात जातील आणि कर चुकवला जाईल, हा आक्षेप मात्र मला अर्धाच खरा वाटतो. स्वीडनने १९८४ मध्ये शेअर-व्यवहारांवर कर लावला, पण तो देशातील दलालांमार्फत होणाऱ्या सौद्यांवर होता. व्यवहार लंडनला गेले आणि १९९१ मध्ये कर उठवावा लागला. चलनाचा सौदा कुठेही ठरो, मोठ्या रकमांची चुकती अखेर त्या चलनाच्या मध्यवर्ती बँकेतील खात्यांमधून होते. कर तिथे, आणि येणे-देणे एकमेकांत वळते करून उरणाऱ्या निव्वळ रकमेवर नव्हे तर प्रत्येक सौद्यावर लावावा.

खरी अडचण दराची आहे. एप्रिल २०२२ मध्ये जगभरातील चलन-व्यवहारांची रोजची उलाढाल सुमारे साडेसात लाख कोटी डॉलर होती आणि त्यातला निम्मा भाग स्वॅपचा, म्हणजे आज चलने बदलून ठरल्या दिवशी पुन्हा उलटी बदलण्याच्या करारांचा होता. आपले चलन देऊन आठवड्यापुरते डॉलर घेणारी बँक मुख्यतः उसनवारी करत असते. तिला दर आठवड्याला ०.१ टक्का भरावा लागला तर वर्षाला ५.२ टक्के होतात आणि ते शेवटी आयातदाराच्याच माथी येतात. म्हणून स्वॅपचा दर मुदतीनुसार ठरवावा, आणि एका आठवड्यासाठी तो नाममात्रच असावा.